दोन एकर काळ्या वावरात तीन घोड्यांची पागा: कुठे काय बसवावं?

वावर_धुरा
हिंगणघाट तालुक्यात दोन एकर जागा आहे. पूर्व-पश्चिम ३९६ फूट, उत्तर-दक्षिण २२०. काळी भारी माती, मुरूम चार-साडेचार फुटांवर लागतो. उतार पश्चिमेकडून पूर्वेकडे, एकूण चारेक फूट. पूर्वेच्या धुऱ्याला (बांधाला) नाला, उत्तरेला पांदण (शेतरस्ता), आग्नेय कोपऱ्यात विहीर. वीज शेतीच्या फीडरवरची, म्हणजे आठ तास. शेजारी दोन्हीकडे कपाशी. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांचा त्रास आहे.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून दोन घोड्या आणायचं ठरतंय, एक घोडा पुढे येईल. सध्याचा आराखडा असा: विहिरीजवळ पागा म्हणजे पाणी जवळ पडेल, बाकी सगळं चराईला मोकळं, भोवती काटेरी तार. पैसे एकदम लावायचे नाहीत. यात काय चुकतंय?

पागा_आणि_पांदण
विहिरीजवळची पागा आधी खोडा. तो तुमच्या जागेचा सगळ्यात खालचा कोपरा आहे. जुलैत वरच्या वावरांचं पाणी तिथूनच नाल्याला जाणार, आणि पागेतली लीद-मूत पाझरून विहिरीत. पाणी पाइपानं वर नेता येतं, चिखल मात्र हलवता येत नाही.

काळ्या मातीत आराखडा एका प्रश्नापासून सुरू होतो: जून ते सप्टेंबर घोडी उभी कुठे राहणार? चराईत नाही. वाफसा नसताना, म्हणजे माती चिखलासारखी ओली असताना, तीन घोडी वावरात सोडली तर आठवडाभरात गवत खुरांखाली जातं, चिखलात नाल निघतात, खुराच्या तळव्याला सड लागते. म्हणून पागेला लागून एक पावसाळी वाडा हवा, मुरमाचा, पक्का. खर्चाचा पहिला रुपया तिथे.

६० बाय ४० फूट म्हणजे घोड्यामागे ८०० चौरस फूट. याहून फार लहान केला तर दबणाऱ्या जनावराला पळायला जागा उरत नाही. वरची एक फूट काळी माती काढा, तळाला १ ते २ टक्के उतार द्या, त्यावर जिओटेक्स्टाइल कापड अंथरा. कापड वाचवायचा मोह सगळ्यांना होतो, पण त्याशिवाय मुरूम दोन पावसाळ्यांत खालच्या मातीत मुरतो आणि परत पहिल्यापासून सुरुवात. कापडावर ६ इंच मोठी गिट्टी, त्यावर ९ इंच मुरूम पाणी मारून रोलरनं दाबलेला, वर ३ इंच क्रशरची चुरी. हिशेबानं गिट्टी १२ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), मुरूम दाबून १८ ब्रास (आणताना २२-२३ मागवा, दबाईत जातो), चुरी ६ ब्रास. मुरूम घेताना वाहतूक पास पाहून घ्या, नाहीतर ट्रॉली रस्त्यातच अडकते.

पागा वायव्य कोपऱ्यात, पांदणीपासून ४० फूट आत. १२ बाय १२ ची तीन ठाणं (घोडं बांधायच्या जागा) आणि त्याच मापाची एक खोली, म्हणजे ४८ फूट लांब. खोली पश्चिम टोकाला. तिच्यात खोगीर, खरारा, दोन दिवसांचा दाणा-चारा राहील आणि दुपारचं ऊन ती स्वतःवर घेईल. लांबी पूर्व-पश्चिम, तोंड उत्तरेला, पुढे १० फुटांची पडवी. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य माथ्यावर असतो, त्रास देतो तो तीन वाजल्यानंतरचा पश्चिमेचा. पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते, तीही मागच्या भिंतीवर जाईल.

जोतं (पागेखालचा चौथरा) दोन फूट उंच. खांबांचे खड्डे मुरमापर्यंत न्या. काळ्या मातीतच थांबलेला पाया पावसात फुगतो, उन्हात बसतो, आणि तिसऱ्या वर्षी दरवाजे लागेनासे होतात. जोत्यातही काळी माती भरू नका. ठाणाची जमीन कुटलेल्या मुरमाची, वर रबरी मॅट, १२ फुटांत दीड-दोन इंच उतार. गुळगुळीत फरशी नको, उठताना घोडं घसरतं. दरवाजा ४ फूट रुंद, ८ फूट उंच, आणि बाहेर उघडणारा. घोडं दाराला टेकून आडवं पडलं तर आत उघडणारं दार उघडतच नाही.

वऱ्हाडी_गवंडी
उत्तरेच्या तोंडाला माझा अर्धा विरोध. उन्हाळ्यासाठी बरोबर, पण डिसेंबर-जानेवारीत ठाणात ऊन येणारच नाही, जमीन ओली राहील, अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबेल. दक्षिणेची भिंत पूर्ण बांधू नका. चार फूट वीट, वर उभ्या गजांची जाळी (दोन गजांत ३ इंचांपेक्षा कमी अंतर, खूर जायला नको), बाहेरून गुंडाळता येणारा पडदा. झडीत सोडा, हिवाळ्यात वर करा.

छपराचं बोला. उघडं टिन १० फुटांवर असलं तरी मे महिन्यात खाली भट्टी होते. कवेलू (मातीची कौलं) मिळाले तर उत्तम. टिनच टाकायचं असेल तर कडेला १०, माथ्याला १४ फूट उंची, माथ्यावर फूटभर उघडी फट आणि तिच्यावर टोपी. वरून दर मार्चमध्ये चुन्याचा हात. टिनाखाली तुऱ्हाट्या-पऱ्हाट्या (तुरीच्या, कपाशीच्या वाळल्या काड्या) भरण्याची पद्धत आहे, ती पागेत नको. एक ठिणगी पुरते. कूलर मे महिन्यात छान काम करतो, जुलैच्या दमट हवेत तोच कूलर ठाणं ओली करतो.

आणि पन्हाळ विसरू नका. ५२ बाय २६ फुटांच्या छपरावर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर साडेबारा हजार लिटर पाणी येतं. ते वाड्यात पडलं तर तुमची चुरी नाल्यात. पाइपानं खाली नेऊन विहिरीच्या पुनर्भरणाला द्या, आधी गाळणीचा खड्डा.

पागा_आणि_पांदण
गवंडीभाऊंचं दक्षिणेच्या भिंतीबाबत पटलं. मागे पूर्ण भिंत मीही घेणार नाही.

वावर_धुरा
वाडा पागेच्या कोणत्या बाजूला? चारा आणि उकिरडा कुठे? आणि चराईला किती जागा उरते?

पागा_आणि_पांदण
वाडा पूर्वेला, पागेला लागून. दुपारनंतर पागेची सावली तिकडेच पडते. पांदणीच्या कडेनं पश्चिमेकडून पूर्वेकडे क्रम असा ठेवा: पागा, वाडा, मग फाटक आणि ट्रॉली वळायला ५० फुटांचं अंगण, त्यापुढे चाऱ्याची खोली, ईशान्य कोपऱ्यात खताचे हौद. उन्हाळ्यात वारा बहुतेक पश्चिम-वायव्येचा असतो. चारा पेटला तर आग पागेकडे येणार नाही, शिवाय मध्ये शंभरावर फूट अंतर आहे. रोज सव्वाशे फूट हातगाडी ओढायचा कंटाळा येतो म्हणून लोक चारा पागेच्या माळ्यावर रचतात. ते करू नका.

चारा खोली १६ बाय २० फूट, १० फूट उंच. घोड्यामागे दिवसाला ८ किलो धरा, तिघांचे चार महिन्यांचे २,८८० किलो. जूनमध्ये पांदणीतून आयशर येत नाही, म्हणून हा साठा मे संपायच्या आत भरलेला हवा. खाली लाकडी फळ्या, नाहीतर तळाचे थर बुरसटतात.

खताचे तीन हौद, ८ बाय ८, चार फूट खोल. एक भरायचा, एक कुजायचा, एक उपसायचा. नाल्याच्या बाजूला मातीचा बांध घाला. लीद रोज उचलली नाही तर माश्या आवरत नाहीत. चांगलं कुजलेलं खत काटोल-वरूडकडचे संत्रावाले नेतात, तेवढीच मजुरी सुटते.

चराईला दक्षिणेची १४० फुटांची पट्टी, साधारण सव्वा एकर. तिचे चार तुकडे, सगळ्यांची फाटकं १२ फुटांच्या एका बोळात, बोळ वाड्यात उघडणारा. तीन घोडी एवढ्यावर जगणार नाहीत, ही जागा पाय मोकळे करायला समजा. मारवेल, हरळी राहू द्या. एप्रिलपासून भेगा पडतात. धावत्या घोड्याचा पाय त्यात गेला तर हाड मोडतं. भेगा दिसू लागल्या की हलकी वखरपाळी देऊन बुजवा किंवा तो तुकडा बंदच ठेवा.

पश्चिमेच्या धुऱ्याला दीड फूट खोल चर काढा, वरच्या वावराचं पाणी दक्षिणेच्या कडेनं नाल्याला काढून द्या. हा चर बांधकामाच्या आधी, नंतर नाही.

पशुवैद्य_यवतमाळ
आराखड्यात एक ठाण कमी आहे. बाजारातून आलेलं जनावर थेट पागेत बांधू नका. दक्षिणेच्या कडेला, पागेपासून १०० फूट तरी दूर, एक साधं वेगळं ठाण ठेवा. किमान २१ दिवस तिथेच, बादली, तोबरा, खरारा सगळं वेगळं. ग्लँडर्स हा घोड्यांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार हौदाच्या पाण्यातूनही पसरतो आणि माणसाला होतो. विकत घेताना रक्ततपासणीचा दाखला मागा. पावसाळ्यात सर्रा (रक्तातल्या परजीवीचा आजार) गोमाश्यांमुळे पसरतो, त्या नाल्याकडच्या ओलीत जास्त. वेगळं ठाण नाल्याजवळ नको.

नाल्याकाठची बेशरम (विषारी झुडूप), धुऱ्यावरचा एरंड मुळासकट काढा. फाटकाला शोभेची कण्हेर किंवा पिवळी बिट्टी अजिबात नको, कण्हेरीची मूठभर पानंसुद्धा घोड्याचा जीव घेतात. सावलीला कडुनिंब, करंज ठीक. बाभळीचा काटा तळव्यात मोडला की पू होतो.

कपाशीच्या बाजूला वीस-पंचवीस फूट पट्टा चराईतून सोडा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, वाऱ्यानं येणारं औषध गवतावर बसतं आणि घोडं ते खातं.

वाळलेला कडबा चालतो. हिरव्या ज्वारीवर घोडी ठेवू नका, मूत्राशय निकामी होऊन मागचे पाय लुळे पडतात. नेपियर एकटंच दिलं तर त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे हाडांतला चुना कमी होतो, लसूणघास जोडीला हवी. सोयाबीनचं कुटार (भुसा) अंथरूण म्हणून टाकतात, घोडं तेच खात बसतं आणि पोटशूळ होतो. कोंबडीखाद्य दाण्याच्या खोलीत ठेवूच नका, त्यातलं मोनेन्सिन हे कोंबड्यांचं औषध घोड्याच्या हृदयाला थोड्या मात्रेतही मारक असतं.

पाणी: मे महिन्यात घोड्यामागे ५०-६० लिटर. वीज आठ तास आहे, त्यामुळे हजार लिटरची टाकी हवीच. काळी प्लास्टिक टाकी उन्हात ठेवली तर पाणी कढत होतं, घोडं कमी पितं आणि आतडं अडतं. टाकीवर छप्पर, पिण्याचा हौद कडुनिंबाखाली.

झटका_मशीनवाला
काटेरी तार काढाच. घोडं घाबरलं की तारेत शिरतं, गाईसारखं थांबत नाही. बाहेरच्या हद्दीला ५ फुटांची साखळी जाळी, रोही आणि डुकरांसाठी. पण घोड्याचा खूर त्या जाळीत अडकतो, म्हणून तिच्या आत दोन फुटांवर ४० मिलिमीटरची पांढरी झटका पट्टी (मशीनमधून हलका विजेचा झटका देणारी), अडीच आणि चार फुटांवर. पांढरी यासाठी की रात्री दिसते. आतल्या तुकड्यांना एवढीच पुरे. खांबांचे खड्डे तीन फूट, तळाशी गिट्टी-काँक्रीट, नाहीतर काळी माती दर वर्षी खांब वाकवते.

मशीन चांगली असूनही मे महिन्यात झटका लागत नाही ही नेहमीची तक्रार. दोष अर्थिंगचा. माती वाळली की सळई असून नसल्यासारखी. तीन सळया, एकमेकींपासून दहा फुटांवर, टाकीचं ओघळतं पाणी जिथे मुरतं तिथे. थेट वीज तारेत सोडायचा विचारही नको, माणसं मरतात आणि गुन्हा दाखल होतो.

वावर_धुरा
एवढं पटलं. मग यंदा फक्त चर आणि वाडा, पागा पुढच्या वर्षी, असं चालेल?

पागा_आणि_पांदण
घोड्या यंदा आणल्या नाहीत तर चालेल. चर आत्ता, खांबांचे खड्डे जमीन ओलसर आहे तोवर, मुरूम मे अखेरपर्यंत. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पागेच्या नियोजित जागेवर चार कोपऱ्यांना खुंट्या ठोका आणि पाणी कुठून येतं, किती तास थांबतं ते बघा. खुंटीला सहा तासांनंतरही पाणी लागलेलं असेल तर जोतं दोनऐवजी अडीच फूट घ्या.