मदत हवी आहे: मंगल कार्यालयातल्या एलईडीमुळे फोटोत काळे पट्टे

नमस्कार मंडळी. खानापुरात मी आणि बायको मिळून स्टुडिओ चालवतो. मुहूर्त नसतात तेव्हा लग्नाच्या फोटोग्राफीचे क्लास घेतो, मराठी-कन्नड दोन्हीत. (शटरला दोन्हीकडे शटरच म्हणतात, तेवढं बरं.)

अडचण अशी: कार्यालयांनी ट्यूबा काढून स्वस्तातले एलईडी लावलेत. अंतरपाट सरकतो, अक्षता उडतात, पोरं १/५०० सेकंदाच्या शटरला धडाधड फोटो काढतात आणि नवरीच्या शालूवर आडवे काळे पट्टे! कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर कळतही नाही, घरी मोठं करून बघितल्यावर पोटात गोळा येतो.

सायलेंट मोड (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर) बंद करून मेकॅनिकल शटर वापरून झालं. फरक पडला, पण थोडाच. आपली वीज ५० हर्ट्झ, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून शटर १/१०० वर आणलं. पट्टे गेले, पण अक्षता टाकणारे हात हलले. स्टेजमागच्या एलईडी वॉलवर तर तरीही पट्टे राहतातच. छत उंच पत्र्याचं, फ्लॅश वर मारून उपयोग नाही. समोरून मारला तर नवरी भुतासारखी दिसते, असं बायको म्हणते, आणि ते खरं आहे.

विद्यार्थ्यांचे कॅमेरे जुने, त्यांत अँटी-फ्लिकर (दिव्याची लुकलुक ओळखून फोटो काढायची सोय) नाही. नवे घ्या म्हणायची सोय नाही.

दोन बाजूंना स्टँडवर फ्लॅश लावून १/२०० ला काढलं तर पट्टे दबतील का? आणि त्यासाठी कार्यालयाचा उजेड फ्लॅशपेक्षा किती स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) खाली ठेवता?