राष्ट्रीय योगदाने बंधनकारक आहेत का? प्रबंधातील एका प्रकरणाविषयी

प्रश्न:
नमस्कार. आंतरराष्ट्रीय हवामान कायदा आणि धोरण या विषयात मी पीएच.डी. करीत आहे. पॅरिस हवामान करारानुसार देश जी ‘राष्ट्रीय निर्धारित योगदाने’ (उत्सर्जन कमी करण्याची स्वतः ठरवलेली उद्दिष्टे) सादर करतात ती गाठणे कायद्याने बंधनकारक नाही, त्यामुळे त्यांतील मजकूर हा कायद्याचा नव्हे तर निव्वळ धोरणाचा विषय ठरतो, अशी मांडणी मी दुसऱ्या प्रकरणात केली होती. २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानबदलाबाबत देशांच्या बंधनांवर सल्लागार मत दिले आणि मार्गदर्शकांकडून प्रकरण परत आले. समासात एवढेच लिहिले होते, ‘हे आता टिकेल का?’ सल्लागार मत स्वतः बंधनकारक नसते, हे उत्तर मलाच पळवाट वाटते. प्रकरण नव्याने लिहावे, की एका तळटीपेवर भागेल?

उत्तर १:
तळटीपेवर भागणार नाही, पण सगळेच मोडण्याचीही गरज नाही. पॅरिस कराराच्या कलम ४, परिच्छेद २ मधील दोन वाक्ये वेगवेगळी वाचा: पहिले योगदान देण्याविषयी आहे, दुसरे त्यातील उद्दिष्टांसाठी उपाय योजण्याविषयी. योगदान तयार करणे, कळवणे आणि त्यानंतर नवनवी योगदाने देत राहणे हे न्यायालयाने फलनिष्पत्तीचे बंधन मानले आहे: योगदान दिले किंवा दिले नाही, मधली वाट नाही. उद्दिष्टे गाठण्याबाबतचे बंधन मात्र आचरणाचे, म्हणजे निकालाचे नव्हे तर प्रयत्नांचे आहे. देशाने त्यासाठी शक्य ते सर्व उपाय योजले पाहिजेत, आणि या दक्षतेचा निकष न्यायालयाने कडक ठेवला आहे. आपली चूक ‘त्यामुळे’ या शब्दापाशी होते. उद्दिष्ट गाठण्याची सक्ती नाही एवढ्यावरून योगदानात काय लिहावे हे देशाच्या मर्जीवर सोडले आहे असे निघत नाही. ती मुभा मर्यादित असल्याचे न्यायालयाने स्पष्ट म्हटले आहे.

उत्तर २:
सहमत, परंतु अंमलबजावणीची बाजू सोडू नका. पॅरिस कराराच्या कलम १५ खालील, अंमलबजावणी व अनुपालन पाहणाऱ्या समितीची कार्यपद्धती २०१८ मध्ये कातोवित्से येथे ठरली. देशाने योगदान सादरच केले नसेल तर समिती स्वतःहून दखल घेते. योगदानातील मजकुराला मात्र तिला हात लावता येत नाही आणि दंड तर नाहीच. (क्योतो प्रोटोकॉल या आधीच्या हवामान करारात, उत्सर्जनाचे लक्ष्य चुकल्यास जास्तीच्या प्रत्येक टनामागे पुढील कालखंडाच्या मुभेतून १.३ टन वजा करण्याची तरतूद होती. तरीही २०१२ च्या अखेरीस कॅनडा त्यातून बाहेर पडला, त्यामुळे दंड म्हणजेच कायदा असे समजण्यातही अर्थ नाही.) न्यायालयाच्या मते मजकुराला निकष आहेत, पण करारातील समितीला ते तपासता येत नाहीत, माझ्या मते आपले प्रकरण या फटीवरच उभे राहायला हवे.

उत्तर ३:
एक सावधगिरी. शब्दप्रयोगांवरून युक्तिवाद करताना कलम ४ च्याच परिच्छेद ४ चा इतिहास जरूर पाहा: विकसित देशांसंबंधीचा ‘शॅल’ (बंधन दर्शवणारा इंग्रजी शब्द) १२ डिसेंबर २०१५ रोजी, पॅरिस परिषदेच्या शेवटच्या सभेत, तांत्रिक दुरुस्ती म्हणून ‘शूड’ (केवळ अपेक्षा दर्शवणारा) झाला. मात्र करारांचा अर्थ कसा लावावा हे सांगणाऱ्या १९६९ च्या व्हिएन्ना संकेतानुसार वाटाघाटींचा इतिहास हे अर्थ लावण्याचे पूरक साधन आहे, मुख्य नव्हे.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. प्रकरण नव्याने लिहितो. आधी ‘त्यामुळे’ आणि ‘निव्वळ’ हे दोन शब्द काढले, तर पुढची अकरा पाने आधाराविना राहिली.