मदत हवी आहे: देनाली भूकंपाने जागी केलेली सूक्ष्म थरथर नोंदीत सापडत नाही

मृण्मयी_पार्ले
अलास्कातील देनाली येथे ३ नोव्हेंबर २००२ रोजी ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याच्या पृष्ठलहरी (जमिनीच्या पृष्ठभागालगत पसरणाऱ्या भूकंपलहरी) कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटाखालून जात असताना कॅस्केडिया सबडक्शन झोनमध्ये, म्हणजे एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो त्या पट्ट्यात, खोलवर सूक्ष्म थरथर (बराच वेळ चालणारे क्षीण कंपन) सुरू झाली, असे संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले. तीच थरथर मला एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मूळ नोंदीतून काढून दाखवायची आहे. बेटावरील एका भूकंपमापन केंद्राची नोंद उतरवून घेतली, हव्या वेगाची कंपने तेवढी ठेवणारा फिल्टर लावला, तरी लांबलचक हेलकाव्यांखेरीज काहीही दिसत नाही. सोमवारी आकृती द्यायची आहे आणि दोन रात्री यातच गेल्या आहेत. काय चुकते आहे, तेवढे कृपया सांगावे.

सह्यकडा
या विषयाचे मर्म पाण्यात आहे. खाली जाणाऱ्या भूपट्टातील खनिजे तापली की त्यांतील पाणी सुटते, ते तीस-चाळीस किलोमीटर खोलीवर दोन भूपट्टांच्या सांध्यात कोंडते आणि तिथले घर्षण जवळजवळ नाहीसे होते, म्हणून दुरून आलेली दुबळी लहरही तो सांधा हलवू शकते. आपल्याकडे कोयनेलाही जलाशयाचे पाणीच कारण मानले जाते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे आमच्या दादरच्या चाळीत फळीवरची भांडी खणखणल्याचे वडील अजून सांगतात.

मृण्मयी_पार्ले
सर, कारणमीमांसा मी प्रकल्पात लिहिली आहे. अडले आहे ते आकृतीपाशी.

भूलहरी
ताई, तुम्ही नोंदीचा कोणता भाग पाहत आहात? अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर आहे, त्यामुळे सेकंदाला साधारण चार किलोमीटर वेगाने येणाऱ्या लव्ह लहरी (जमीन आडवी हलवणाऱ्या पृष्ठलहरी) भूकंपानंतर आठ-नऊ मिनिटांनी बेटावर पोहोचतात. ही थरथर लव्ह लहरीच घडवतात, कारण त्या सांध्याला आडवे ओढतात. पी लहरींपाशी, म्हणजे सर्वांत आधी पोहोचणाऱ्या लहरींपाशी, शोधत असाल तर काही हाती लागणार नाही.

नानकाई_वाचक
'लव्ह लहरीच' हे विधान मान्य होण्यासारखे नाही. २००४ च्या सुमात्रा भूकंपाच्या वेळी नैर्ऋत्य जपानमध्ये जी थरथर उठली, ती रेले लहरींच्या (जमीन वर-खालीही हलवणाऱ्या पृष्ठलहरींच्या) हेलकाव्यांशी जुळते.

भूलहरी
जपानबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे, 'च' मागे घेतो. लहर कोणत्या दिशेने येते आणि सांधा कोणत्या बाजूला उतरतो, यावर ते अवलंबून असते. देनालीच्या लहरी कॅस्केडियाच्या सांध्याला समांतर नव्हे, तर तो ज्या दिशेने खाली उतरतो तिच्याशी जुळेल अशा रीतीने हलवत होत्या, म्हणून इथे तरी आधी लव्ह लहरी तपासाव्यात.

अंधेरी_पूर्व
मुंबईतही अशी थरथर होत असेल का? आमची इमारत जुनी आहे.

नानकाई_वाचक
मुंबईखाली सबडक्शन झोन नाही. आपल्याला जवळचा तो मकरानचा, पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्यालगतचा. तिथे नोव्हेंबर १९४५ मध्ये मोठा भूकंप झाला आणि त्याची त्सुनामी मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत आली होती. इमारतीसाठी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावे, त्याचा या थरथरीशी संबंध नाही.

सर्किट_कुर्ला
मूळ प्रश्नाकडे येऊ. फिल्टरच्या मर्यादा काय ठेवल्या होत्या? आणि फाइलमध्ये दर सेकंदाला किती नमुने, म्हणजे कंपनाची मोजमापे, आहेत?

मृण्मयी_पार्ले
मर्यादा २ ते ८ हर्ट्झच (सेकंदाला २ ते ८ कंपने) ठेवायच्या होत्या, पण प्रोग्रॅम प्रत्येक वेळी चूक दाखवत होता, म्हणून ०.१ ते ०.४ केल्या. नमुन्यांचे पाहिले नव्हते. फाइलच्या नावात 'एलएच' आहे.

सर्किट_कुर्ला
घोटाळा इथेच आहे, आणि प्रोग्रॅम तो तुम्हाला सांगत होता. 'एलएच' चॅनलमध्ये सेकंदाला एकच नमुना असतो आणि एक कंपन टिपायला किमान दोन नमुने लागतात, त्यामुळे अर्ध्या हर्ट्झच्या वरचे कोणतेही कंपन त्या फाइलमध्ये उरतच नाही. तुमची थरथर १ ते १० हर्ट्झमधली, म्हणजे जे फाइलमध्ये नाही ते तुम्ही दोन रात्री शोधत होता. त्याच केंद्राची 'बीएच' फाइल घ्या, तीत सेकंदाला बरेच नमुने असतात. लव्ह लहरी पाहायच्या असल्याने जमिनीचे आडवे हलणे नोंदवणारे दोन्ही घटक घेऊन ते गणिताने लहरीच्या दिशेला काटकोनात फिरवा, आणि तीच नोंद एकदा फिल्टरविना, एकदा २ ते ८ हर्ट्झच्या फिल्टरसह, एकाखाली एक काढा.

सह्यकडा
लहर दुबळी म्हणजे किती, हेही प्रकल्पात अवश्य लिहावे. कॅलिफोर्नियात पार्कफील्डजवळ अवघ्या २ ते ३ किलोपास्कल ताणाने थरथर सुरू झाल्याचे आढळले आहे. बादलीत वीतभर पाणी असले तर तळावर साधारण तेवढाच दाब पडतो.

मृण्मयी_पार्ले
दिसली! वरच्या रेघेत संथ हेलकावा आणि खालच्या रेघेत जवळजवळ प्रत्येक हेलकाव्यासोबत एक बारीक केसाळ पुंजका, मग शांतता, मग पुन्हा पुंजका. मात्र पी लहरींपाशीही खालची रेघ दाट झाली आहे. तीही थरथरच का?

भूलहरी
तो भाग मूळ भूकंपाच्याच लहरींचा असण्याची शक्यता अधिक. पुंजकेही एका केंद्रावरून खरे मानू नका, यंत्राच्या दोषानेही तसे दिसू शकते. बेटावरील आणखी दोन-तीन केंद्रांच्या 'बीएच' नोंदी शेजारी लावा. प्रत्येक पुंजका एका केंद्रावर आधी आणि दुसऱ्यावर काही सेकंदांनी येत असेल, आणि तो फरक एस लहरीच्या (पी लहरीमागून येणाऱ्या लहरीच्या) वेगाशी जुळत असेल, तर थरथर तिथल्याच जमिनीखालून उठली आहे.

मृण्मयी_पार्ले
बेटावरच्या दुसऱ्या केंद्राची फाइल आत्ताच उतरवायला लावली आहे. दोन्ही आकृत्या उद्या इथे टाकते.