रिस्क स्कोर ९२ आलाय, आता दादाची पण टेस्ट करू का?

कातरवेळ:
आईला डिप्रेशन होतं, मामाने आत्महत्या केली, आणि दोन वर्षांपूर्वी दादानेही तसा प्रयत्न केला होता. मला स्वतःला आजवर काही त्रास नाही. पण डीएनए टेस्टचा डेटा एका साइटवर टाकला तर डिप्रेशनचा स्कोर ९२ पर्सेंटाइल, लाल पट्टीत. तेव्हापासून जरा उदास वाटलं की धस्स होतं, झालं सुरू. दादाचा स्कोर काढला तर त्याला धोका किती ते कळेल ना?

गुणसूत्र:
९२ पर्सेंटाइल म्हणजे ९२ टक्के शक्यता नव्हे हो. शंभर जणांना स्कोरप्रमाणे रांगेत उभं केलं तर ९२ जण तुमच्या मागे, इतकंच. जुळ्यांच्या अभ्यासांवरून डिप्रेशनमध्ये आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३७ टक्के धरतात, पण तो हजारो जनुकीय बदलांत वाटला गेलाय आणि एकेकाचा परिणाम अगदी चिमूटभर. २०२५ च्या अभ्यासात ५० लाखांहून जास्त लोकांचा डेटा होता, जवळपास ७०० बदल सापडले, तरी स्कोरवरून माणसामाणसातला फरक जेमतेम काही टक्के समजतो. त्यात हे स्कोर मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेले, बाकीच्यांत अंदाज आणखी ढिला पडतो. ती लाल पट्टी बघणं बंद करा खरंच.

निशिगंध:
आत्महत्येच्या प्रयत्नाचा स्कोर तर याहून कच्चा आहे, त्यावरून एका माणसाबद्दल काहीच ठरवता येत नाही. अगं दादाने आधी प्रयत्न केलाय ही गोष्टच कुठल्याही स्कोरपेक्षा कितीतरी जास्त सांगते, आणि समज त्याचा स्कोर कमी आला तर तुम्ही सगळे निर्धास्त व्हाल, मला त्याचीच जास्त भीती वाटते. टेस्ट राहू दे, त्याला सरळ विचार, मरणाचे विचार येतात का म्हणून. विचारल्याने डोक्यात विचार घुसतो असं लोकांना वाटतं, तसं होत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

कातरवेळ:
काल रात्री भांडी आवरताना विचारलं. हातातलं ताट तसंच धरून बराच वेळ गप्प उभा होता, मग म्हणाला पंधरा दिवसांपासून येतायत, कुणी विचारलंच नाही. रात्रभर त्याच्याजवळच होते. सकाळी डॉक्टरांना फोन केला, दुपारी बोलावलंय, मी सोबत जातेय.