वाइनमध्ये ड्राइव्ह ‘लोकल’ केला तरी प्रोग्राम नेटवर्कच म्हणतो

सावदेकर_काटा:
राम राम मंडळी. सावद्याला आमचा वजनकाटा आहे, केळीच्या गाड्या येतात. पावतीचा प्रोग्राम विंडोज एक्सपीच्या जमान्यातला, बनवणारा आता फोनही उचलत नाही. मशीनवर उबंटू लिनक्स टाकलं, प्रोग्राम वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) झकास चालतो. पण डेटा मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर ठेवला (एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर जोडून; वाइनमध्ये तो ई: ड्राइव्ह) की ‘नेटवर्क ड्राइव्ह चालणार नाही’ म्हणतो आणि बंद. वाइनसीएफजीत (वाइनच्या सेटिंगमध्ये) ई:चा प्रकार ‘लोकल हार्ड डिस्क’ केला, वाइनसर्व्हर (वाइनचा मागे चालणारा भाग) बंद करून परत चालू केला. ढिम्म. बाहेर गाड्यांची रांग, ड्रायव्हर हॉर्न मारताहेत. हे सेटिंग नुसतं शोभेला आहे का?

टर्मिनल_धुळे:
शोभेला नाही, पण त्याचा नंबर दुसरा लागतो. प्रोग्राम गेटड्राइव्हटाइप (ड्राइव्हचा प्रकार सांगणारं विंडोजचं फंक्शन) विचारतो: ३ आलं तर फिक्स्ड, ४ आलं तर रिमोट. वाइन आधी स्टॅटएफएस करून लिनक्सलाच विचारतं, फाइलसिस्टीम कुठली? ६९६९ आलं म्हणजे एनएफएस, तिथेच रिमोटचा शिक्का. तुमची रजिस्ट्रीतली नोंद (ते ‘लोकल’चं सेटिंग) वाचायची वेळ येते ती डिस्क साधी निघाली तरच. म्हणून साध्या डिस्कला ‘नेटवर्क’ म्हणता येतं, एनएफएसला ‘लोकल’ नाही. माउंटवर (सर्व्हर जोडलेल्या फोल्डरवर) स्टॅट -एफ ही कमांड चालवून बघा, फाइलसिस्टीम दिसेल. मग वाइनडीबग=+व्हॉल्यूम (वाइन आत काय करतं त्याचा ट्रेस दाखवणारं सेटिंग) लावून प्रोग्राम उघडा, ई:पुढे ४ दिसेल.

अमळनेरी:
तुनं बरोबर शे भो. आमच्या जिनिंगमध्ये साम्बाचा शेअर (विंडोज पद्धतीने नेटवर्कवर दिलेलं फोल्डर) फाइल मॅनेजरमधून उघडला की फ्यूजमधून (कर्नलबाहेरच्या प्रोग्रामने चालवलेली फाइलसिस्टीम) येतो, वाइनला साधी डिस्क वाटते. तोच शेअर सीआयएफएस (लिनक्स कर्नलमधली त्याच शेअरची फाइलसिस्टीम) म्हणून माउंट केला की रिमोट. सर्व्हर तोच, केबल तीच! काटेवाले, तुम्ही एसएसएचएफएस (एसएसएचवरून सर्व्हरचं फोल्डर जोडणारं) लावा. तेही फ्यूजच, काम भागेल.

टर्मिनल_धुळे:
भागेल, पण आधी सांगा, डेटा डीबीएफ (जुन्या डीबेस पद्धतीच्या फाइल) आहे का? असेल तर प्रोग्राम उगाच अडवत नाहीये. दोन मशीनांनी एकदम लिहिलं आणि लॉक (एकाचं लिहून होईपर्यंत दुसऱ्याला थांबवणारी खूण) पलीकडे पोचलं नाही, तर इंडेक्स (नोंदी शोधायची सूची) बिघडलाच म्हणून समजा. वाइनला फसवता येईल, फाइलला नाही. काटा एकच असेल तर डेटा ड्राइव्ह सीमध्येच ठेवा. रात्री प्रोग्राम बंद करून आरसिंकने (फाइलींची नक्कल करणारी कमांड) सर्व्हरवर टाका.

सावदेकर_काटा:
डीबीएफच आहे. स्टॅटने एनएफएस दाखवलं, ट्रेसमध्येही ४. काटा एकच, फक्त मालकांना घरबसल्या दिवसभराच्या पावत्या बघायची हौस. आरसिंक लावतो, त्यांना म्हणतो जेवण झाल्यावर बघा.