डॅमसेलने सुरुवात नको

खाऱ्या पाण्यातले मासे पाळताना नव्या टाकीत आधी निळे डॅमसेल (छोटे समुद्री मासे) सोडावेत, कारण ते काटक आणि स्वस्त असतात, हा सल्ला मला पटत नाही. ते काटक आहेत हे खरेच; परंतु पहिला आलेला डॅमसेल खडकांवर हक्क सांगतो आणि मागाहून येणाऱ्या फायरफिशसारख्या भित्र्या माशांना जगू देत नाही. हे मासे आधी सोडतात ते माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जीवाणू टाकीत वाढावेत म्हणून; पण ही वाढ मासे न सोडता, अमोनिया घालूनही करता येते.

आता क्लाउनफिश या समुद्री माशाची जोडी निवडण्याबद्दल. ऑसेलॅरिस या क्लाउनफिशच्या जातीच्या पिल्लांत मादी नसतेच, जोडीतला मोठा, वरचढ मासा पुढे मादी होतो व धाकटा नर राहतो, त्यामुळे दुकानदाराकडे नर-मादी मागण्याऐवजी (तो देतोही, आनंदाने!) कमी-अधिक आकाराची दोन पिल्ले एकाच वेळी आणावीत. दोन प्रौढ माद्या मात्र एकत्र नांदत नाहीत.