हप्ते संपून आठ महिने झाले, पैसे मात्र दिसत नाहीत

नाशिकचा_नंदू

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

थोडक्यात सांगायचं तर २०१४ ला १८ लाखाचं होमलोन घेतलं, हप्ता १७,६००. मग २०१८ ला वडलांच्या बायपासच्या वेळी ४ लाख पर्सनल लोन, त्याचा ९,३००. मधे क्रेडिट कार्डावर पण ७० हजार चढले होते, महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे काय असतं ते तेव्हा कळलं. कार्ड आधी संपवलं, २०२३ ला पर्सनल फिटलं तेव्हा त्याचे ९,३०० तसेच होमलोनला जास्तीचे भरत राहिलो, गावाकडच्या प्लॉटचा हिस्सा आला तोही सगळा तिकडेच ओतला आणि या मार्चमधे शेवटचा हप्ता गेला. पेढे वाटले. बायकोनी तर देवापुढे नारळ फोडला.

आता प्रश्न असा की महिन्याला २६,९०० मोकळे झाले ना. आठ महिन्यात २ लाख १५ हजार दिसायला पाहिजेत. काल पासबुक बघितलं तर ३८ हजार. आणि मी काही दारू पीत नाही, जुगार खेळत नाही, गोव्याला पण गेलो नाही. कर्ज होतं तेव्हा वहीत रोजचा हिशोब लिहायचो, पाच रुपयाची कोथिंबीर सुद्धा. एप्रिलपासून वही कुठंय तेच माहीत नाही. कर्ज होतं तेव्हा शिस्त होती, गेलं तशी शिस्तही गेली असं झालंय. तुमच्यापैकी ज्यांची कर्जं फिटलीत त्यांनी नंतर बजेट कसं टिकवलं? का परत एखादं लोन घेऊ म्हणजे वळणावर येईन (हे अर्धं गमतीत)

मार्केटवाला

म्युच्युअल फंडात महिन्याची एसआयपी चालू कर आणि विसरून जा. धागा बंद.

सांगलीचे_मास्तर

नंदू, ते "अर्धं गमतीत" लिहिलंस ना तेच मी पूर्ण सिरियसली केलेलं आहे बरं का. मी झेडपीचा शिक्षक, आमची पगारदारांची पतसंस्था, कपात पगारातूनच होते. कर्ज निम्मं फिटत आलं की स्टाफरूममधे कोणीतरी विचारतंच, "काय गुरुजी, नवं-जुनं करायचं का?" म्हणजे उरलेलं जुनं वळतं करून त्याच्यावर नवीन मोठं कर्ज. मी तीनदा केलं. पहिल्यांदा बहिणीच्या लग्नाला, ते ठीकच, दुसऱ्यांदा घराला गिलावा आणि फरशी, तिसऱ्यांदा खरं सांगतो काही कारणच नव्हतं, मिळतंय म्हणून घेतलं आणि बुलेट घेतली. बुलेट आता पोरगा चालवतो, मला कंबरेचा त्रास.

चौथ्या वेळी मी काय केलं, कर्ज संपलं त्याच महिन्यात अर्ज देऊन तेवढीच कपात ठेवीला वळवून घेतली. पगार हातात जेवढा पडत होता तेवढाच पडत राहिला, त्यामुळे घरी कोणाला काही फरकच जाणवला नाही. मलाही नाही. तुझा घोळ इथंच झालाय, एप्रिलमधे २६,९०० एकदम हातात आले आणि पाण्यासारखं आहे ते, उताराकडं जाणारच.

गोखलेकाकू_ठाणे

मास्तरांची युक्ती चांगली आहे पण एक सांगते, पतसंस्थेतल्या ठेवीला ते ५ लाखापर्यंतचं विम्याचं संरक्षण नसतं, ते फक्त बँकांना, त्यात सहकारी बँका आल्या पण पतसंस्था नाही. तेव्हा सगळी अंडी तिथे घालू नका. पगारदारांच्या संस्था त्यातल्या त्यात बऱ्या कारण कर्जाची वसुली थेट पगारातून होते, तरी पण.

नंदू, आता तुला विचारते. तू म्हणतोस पैसे दिसत नाहीत. कुठे गेले त्याची यादी केलीस का? वही नाही ना, मग बँकेचं स्टेटमेंट काढ आणि ५ हजारावरचं जे जे आहे तेवढं इथे लिही. बारीकसारीक सोड, कोथिंबिरीनी कोणी बुडत नाही.

नाशिकचा_नंदू

काकू, बसलो रात्री घेऊन. ही घ्या यादी. माझे दोन रूट कॅनाल आणि कॅप, १९ हजार. फ्रिज ३४ हजार, जुना १३ वर्षांचा होता, खालून पाणी गळायचं म्हणून दोन वर्षं पोतं टाकून चालवला. आईचं कानाचं मशीन ४५ हजार. गच्चीचं वॉटरप्रूफिंग २८ हजार, पावसाळ्याच्या आधी करून घेतलं, चार पावसाळे बादल्या लावून काढलेले. मग मोबाईल आहे ३३ हजाराचा, नो कॉस्ट ईएमआयवर १२ महिने २,७५० प्रमाणे, पाच हप्ते गेलेत.

बाकी सगळं फुटकळ, बाहेरचं जेवण, ऑनलाइन मागवलेलं कायकाय, भाचीचा आहेर, असंच.

गोखलेकाकू_ठाणे

अरे मग तू उधळ्या कुठे आहेस!

बघ, दात, फ्रिज, कान, गच्ची मिळून १ लाख २६ हजार झाले. हा खर्च या आठ महिन्यातला नाहीच. ही थकबाकी आहे. कर्जाच्या अकरा वर्षात बँकेचा हप्ता एकदाही चुकवला नाहीस ना, मग चुकवलं कोणाचं? तुझ्या दाताचं, आईच्या कानाचं. घराचं देणं तू थकवलंस आणि बँकेचं फेडलंस, आम्हीपण तेच केलं, सगळेच करतात, दुसरा इलाजच नसतो. हप्ते संपले की ही सगळी देणेकरी मंडळी दारात रांग लावतात.

आमच्याकडे २०१६ ला लोन संपलं तेव्हा मी आणि ह्यांनी बसून वेगळी यादीच केली होती, आजपर्यंत काय काय ढकलत आणलं त्याची. माझं मोतिबिंदू, घराचा रंग, ह्यांच्या गावच्या घराची कौलं, आणि दोघांच्या तपासण्या ज्या कधी केल्याच नव्हत्या. आकडा घातला, क्रम लावला, सव्वा वर्ष हप्त्याचे निम्मे पैसे त्यातच गेले. पण यादी समोर असल्यामुळे दर वेळी पैसे गेले पैसे गेले अशी चुटपूट लागली नाही, उलट एकेक ओळ खोडताना बरं वाटायचं. तुझी यादी अजून संपलेली नसणार, बायकोला विचार. तिचं काहीतरी असेल जे ती बोलली नाहीये.

राहिले साधारण ५१ हजार, त्यात मोबाईलचे पावणेचौदा, म्हणजे खरे फुटकळ ३७ हजार, महिन्याला पावणेपाच हजाराच्या आत. हे जास्त आहे का? थोडं आहे. बुडण्याइतकं नाही.

कोल्हापूरची_लेक

काकू +१००, माझ्या नवऱ्याला वाचून दाखवलं.

दुसरी बाजू पण ऐका जरा. आमचं कर्ज फिटून दोन वर्षं झाली तरी आमचे अहो वही सोडत नाहीत. मैत्रिणींबरोबर राजारामपुरीत आईस्क्रीम खाल्लं तरी "किती झाले?" अहो किती व्हायचेत, ऐंशी रुपये झाले! कर्ज असताना मीपण काटकसर केली, पाच वर्षं दिवाळीला साडी नाही घेतली, कधी बोलले नाही. पण देणं संपल्यावर पण तीच चौकशी चालू म्हटल्यावर डोकं फिरतं, मग मी खोटं सांगायला लागले, भाजी ६० ची आणली तर १०० सांगायची. म्हणजे कडक बजेटमुळं घरात चोऱ्या सुरू झाल्या 😀

शेवटी भांडून असं ठरवलं की दोघांना महिन्याला प्रत्येकी २,००० हातखर्च, त्याचा हिशोब कोणी कोणाला विचारायचा नाही. यूपीआयला पगाराचं खातं जोडलेलंच नाही आता, एक वेगळं छोटं खातं उघडलं त्यात दर रविवारी आठवड्याचे घरखर्चाचे पैसे टाकतो, तेच स्कॅन करायला. शुक्रवारपर्यंत खातं कोरडं पडलं की शनिवारी घरी पिठलं-भाकरी. लिहायला काही लागत नाही, बॅलन्स हीच वही.

आणि भिशीला कोणी नावं ठेवू नका. आमची वीस जणींची आहे २,००० ची, लिलावाची नाही, साधी चिठ्ठीची. मी मुद्दाम शेवटचा नंबर मागून घेते. पहिला नंबर घेणारीला ते कर्ज, शेवटचा घेणारीला बचत, तीच भिशी. अर्थात वीसही जणी ओळखीच्या आहेत म्हणून.

हिशोबी_पुणेकर

सगळं वाचलं. एका गोष्टीकडे कोणी बघितलं नाही. धागाकर्ता २६,९०० मोकळे झाले म्हणतोय तो आकडाच चुकीचा आहे.

वर्षातून एकदाच येणारे खर्च कर्ज असताना कुठून भागवत होतात? शाळेची फी, मेडिक्लेम, घरपट्टी, गाडीचा इन्शुरन्स, गणपती-दिवाळी. माझा अंदाज, काही कार्डावरून, काही भिशी उचलून, काही सासऱ्यांकडून उसने. (ते ७० हजार कार्डावर एका दिवसात चढले नसणार.) म्हणजे ते महिन्याच्या बजेटमधे कधी नव्हतेच. आमच्या घरचे यंदाचे आकडे देतो: फी ४८,०००, मेडिक्लेम २४,०००, दुचाकी-चारचाकीचा विमा ९,५००, घरपट्टी ६,५००, सणवार ३२,०००. बेरीज १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला बरोबर १० हजार. एवढे मी दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकतो आणि जूनमधे शाळेची फी भरताना घाम फुटत नाही. तुमच्या २६,९०० मधले एवढे वजा करा, मग काय उरतं ते खरं मोकळं.

नो कॉस्ट ईएमआयबद्दल: ते कर्जच आहे. व्याजाएवढी सूट आधी दाखवतात पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्या कार्डावर येतोच, वर प्रोसेसिंग फी असली तर ती वेगळी. रक्कम किरकोळ असते हे मान्य. पण आपण कर्जमुक्त आहात असं वर लिहिलंय म्हणून निदर्शनास आणून दिलं.

नाशिकचा_नंदू

सासऱ्यांकडून उसने हे तुम्हाला कसं कळलं 😳

कागदपत्रवाला

थोडं अवांतर पण या धाग्यावर राहिलंच म्हणून. लोन संपलं म्हणजे काम संपलं नाही. घराची मूळ कागदपत्रं परत मिळाली का? रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, १ डिसेंबर २०२३ पासून लागू, पूर्ण फेडल्यापासून ३० दिवसात कागद परत द्यायचे आणि बोजा काढायचा, त्यांच्याकडून उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. मला एका बँकेनी दोन महिने हेलपाटे घालायला लावले होते, ते या नियमाच्या आधीचं. एनओसी म्हणजे बँकेचं ना-हरकत पत्र घ्या, फ्लॅट असेल तर तिची एक प्रत सोसायटीला देऊन त्यांच्या रजिस्टरची नोंद काढून घ्या, शेतजमीन तारण असेल तर सातबाऱ्यावरच्या इतर हक्कातला बोजा उतरलाय का ते नवीन उतारा काढून बघा. हप्त्याचा ऑटो डेबिटचा आदेश पण रद्द करून टाका. महिन्या दोन महिन्यांनी सिबिलवर (कर्जांची नोंद आणि स्कोअर ठेवणारी संस्था) खातं बंद दिसतंय का बघा, माझा स्कोअर उलट थोडा खाली गेला होता, घाबरायचं काही नाही.

अजून एक म्हणजे होमलोनबरोबर जो विमा गळ्यात मारलेला असतो तो बहुतेक वेळा लोनबरोबरच संपतो. तेव्हा टर्म प्लॅन (निव्वळ आयुर्विमा) स्वतःचा वेगळा आहे का तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक टर्म आणि मेडिक्लेमच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झालाय, तर तेवढंच स्वस्त.

मार्केटवाला

मी पहिल्या दिवशी एका ओळीत सांगितलं होतं तेच सगळे फिरून फिरून सांगतायत.

सांगलीचे_मास्तर

नाही ओ, तुमच्या एका ओळीत आईच्या कानाचं मशीन कुठं बसतंय? एसआयपी चालू करायचा आणि चार महिन्यांनी गच्ची गळाली की मोडायचा, असं करणारे आमच्या शाळेत सात जण आहेत. आधी सहा महिन्याचा घरखर्च बाजूला पडू दे, मग करा काय ती एसआयपी.

नाशिकचा_नंदू

सर्वांचे मनापासून आभार, रविवारी आम्ही दोघं बसलो, काय ठरलं ते लिहितो म्हणजे मागे फिरायला जागा नको.

माझ्या हप्त्याची तारीख ७ होती, अजूनही महिन्याच्या सहा तारखेला रात्री बॅलन्स चेक करायची सवय गेली नाहीये, मग तीच तारीख धरली. दर ७ तारखेला वार्षिक खर्चाचे ९,००० (आमची बेरीज १ लाख ८ हजार आली, गाडी नाही त्यामुळे) वेगळ्या खात्यात, ८,००० ची आरडी (बँकेतली दर महिन्याची ठेव), ती सहा महिन्याचा घरखर्च जमेपर्यंत हलवायची नाही, आणि ५,००० थकबाकी खात्यात. झाले २२,०००. उरलेले ४,९०० घरात, त्यातले दोघांना दीड-दीड हजार हातखर्च, विचारायचं नाही.

काकू, तुम्ही म्हणालात तसं तिला विचारलं. बराच वेळ काही नाही काही नाही म्हणाली, मग म्हणाली मंगळसूत्र. २०१८ ला वडलांच्या ऑपरेशनच्या वेळी डिपॉझिट भरायला मोडलं होतं, तेव्हापासून साध्या काळ्या पोतीवर आहे, मी आपला रोज बघतोय आणि माझ्या यादीत ते नव्हतंच. आता थकबाकीत पहिला नंबर त्याचा. सोन्याचा भाव बघता ५,००० नी किती वर्षं लागतील हा हिशोब मुद्दाम केला नाही.

कागदं मिळालीत, सोसायटीत नोंद काढायची राहिलीय ती या आठवड्यात करतो. आणि मोबाईलचे राहिलेले सात हप्ते माझ्या हातखर्चातून जायचे असा ठराव घरात एकमतानी मंजूर झालेला आहे, माझं मत धरलं नाही. दीड हजारात २,७५० कसे बसवायचे हे कोणाला माहीत असेल तर सांगा.

कोल्हापूरची_लेक

बायकोच्या दीड हजारातले उसने घ्या. व्याज ती ठरवेल.